ट्रेलरमधली पाण्याची गळती: शोधायची कशी, दुरुस्त करायची कशी

ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढत न्यायच्या फिरत्या घरात) पाणी जिथे दिसतं तिथेच ते गळत असेल असं धरून चालू नका. फरशीत वर लिनोलियम, त्याखाली प्लायवूड, त्याखाली इन्सुलेशन आणि सगळ्यात खाली प्लास्टिकचं आवरण. स्वयंपाकाच्या सिंकखाली सुटलेलं पाणी या थरांमधून उताराकडे सरकत जातं आणि पार पलंगाखाली वर येतं. ट्रेलर जॅकवर जरा तिरका उभा असेल तर आणखीनच लांब. म्हणून ओल दिसली की लगेच तिथली फळी उचकटायची घाई नको. बहुतेक वेळा दुरुस्तीला अर्धा तास पुरतो, शोधायला मात्र अर्धा दिवस लागतो, आणि जो तो शोधण्यात कंजुषी करतो.

आधी ठरवा, हे पाणी नळाचंच आहे का?

ओल पावसानंतर वाढत असेल आणि टाकी-पंप बंद असतानाही कमी होत नसेल, तर संशय छतावर घ्या. छतावरच्या एसीचं पाणी, खिडकीच्या कडेचं सुकून फुटलेलं सीलंट, सांडपाण्याच्या हवानळीभोवतीची फट, ही सगळी मंडळी नळाच्या गळतीचं सोंग हुबेहूब वठवतात. शक्य असेल तर कोरड्या हवेत दोन दिवस पाणी पूर्ण बंद ठेवा, एसीही लावू नका. ओल तशीच राहिली किंवा पाऊस पडताच परतली, तर पाइपांना दोष देऊ नका.

पाणी नळाचंच आहे असं दिसलं, तर पुढचा प्रश्न असा: दाबाखालचं पाणी गळतंय की वापरून झालेलं? दाबाखालची गळती कोणी नळ उघडो न उघडो, चालूच राहते. सांडपाण्याची गळती आंघोळ, भांडी, फ्लश यानंतरच दिसते. एवढ्या एका निरीक्षणाने निम्मा ट्रेलर यादीतून वगळता येतो.

दाब कुठून येतो

ट्रेलरच्या पाइपांत पाणी दोन वाटांनी येतं. एक, स्वतःच्या गोड्या पाण्याच्या टाकीतून, १२ व्होल्टच्या पंपाने. दुसरी, बाहेरच्या नळाला होज जोडून. नळ उघडला की पंप सुरू होतो आणि दाब साधारण ४५ ते ५५ पीएसआयवर (३ ते ३.८ बार) पोचला की स्वतःच थांबतो. बाहेरच्या जोडणीच्या तोंडाशी पाणी उलटं जाऊ नये म्हणून एक एकदिशा व्हॉल्व्ह असतो, तसाच एक पंपाच्या आत. हे दोन छोटे व्हॉल्व्ह पुढच्या सगळ्या तपासात भाव खाऊन जातात, तेव्हा ते लक्षात ठेवा.

काम सुरू करण्यापूर्वी ट्रेलरच्या चाकांना लाकडी ठोकळे लावा. बाहेरून येणारी वीज सोडवून ठेवा, कारण ओल्या कपाटात हात घालताना शेजारीच कन्व्हर्टर (बाहेरची वीज १२ व्होल्टमध्ये बदलणारं यंत्र) आणि वायरी असतात. पंपासाठी बॅटरीची १२ व्होल्ट वीज पुरते. वॉटर हीटरचा गॅस आणि विजेचा स्विच दोन्ही बंद करा. हीटरची टाकी रिकामी असताना विजेचा हीटर चालू राहिला तर त्याचा एलिमेंट बघता बघता जळतो.

पंपाची परीक्षा

बाहेरची होज काढा, टाकी निम्मी भरा, पंप लावा आणि दाब भरून पंप थांबला की सगळे नळ बंद असल्याची खात्री करा. बाहेरच्या शॉवरचे नळसुद्धा. त्या शॉवरच्या हातातलं बटण बंद असलं तरी मागचे दोन नळ उघडे राहिले, तर गरम-थंड पाणी आतल्या आत मिसळतं आणि तपास भरकटतो.

आता गप्प बसून ऐका. चांगल्या व्यवस्थेत पंप तासन्‌तास बोलत नाही. दर काही मिनिटांनी 'घर्र' करून क्षणभर चालून थांबत असेल, तर दाब कुठूनतरी निसटतोय. पंप जितक्या लवकर परत बोलेल तितकी गळती मोठी.

पण पंप बोलतोय आणि ओल कुठेच नाही, असंही होतं. तेव्हा पंपातला एकदिशा व्हॉल्व्ह झिजलेला असतो आणि पाणी परत टाकीत जातं. ताळा सोपा आहे: पंप बंद करून बाहेरची होज लावा. टाकीतली पातळी आपोआप चढू लागली, किंवा टाकी भरून ओव्हरफ्लोच्या नळीतून जमिनीवर पाणी सांडू लागलं, तर चोर बहुधा तोच. टाकी भरण्यासाठी वेगळा फिरवायचा व्हॉल्व्ह असेल, तर तो नीट बंद आहे ना ते आधी बघा. उलट, पंप चालू असताना बाहेरच्या जोडणीच्या तोंडातून ठिबकत असेल तर तिथला एकदिशा व्हॉल्व्ह गेलाय.

आणखी काटेकोर तपास हवा असेल तर बाहेरच्या होजवर प्रेशर गेज आणि बंद करायची तोटी बसवा. दाब ४५ पीएसआयपर्यंत भरा, तोटी बंद करा, काट्याची जागा पेन्सिलीने टिपा. वॉटर हीटर बायपासवर ठेवा, म्हणजे पाणी हीटरमध्ये न जाता बाजूने जाईल, नाहीतर त्यातल्या कोंडलेल्या हवेमुळे काटा सावकाश हलतो आणि उगाच शंका येते. अर्ध्या तासात काटा जागचा हलला नाही तर दाबाखालचे पाइप निर्दोष. मग सांडपाण्याकडे वळा.

फरशी आधीच पाणी पिऊन फुगली असेल, किंवा बाहेर गोठवणारी थंडी असेल, तर पाण्याऐवजी हवेने तपासा. पाइप रिकामे करून बाहेरच्या जोडणीतून कॉम्प्रेसरने ३० पीएसआयच्या आसपास हवा भरा आणि सांध्यांवर साबणाचं पाणी ब्रशने लावत चला. जिथे फेस स्वतःहून फुगतो तिथे गळती. एरवी दिवसभर न सापडणारा बारीक सांधा यात लगेच सापडतो. दाब मात्र यापेक्षा फार वर नेऊ नका.

हात कुठे घालायचा

पाइप मधेच सहसा फुटत नाही, गळतो तो सांधा. याला दोन अपवाद. पाइप गोठला असेल, किंवा तो एखाद्या स्क्रूवर, धातूच्या कडेवर घासत राहिला असेल. म्हणून सांध्यांचा नकाशा डोक्यात आणा: पंपाच्या दोन्ही बाजू, पंपाआधीची जाळी, हीटरच्या मागचे बायपास व्हॉल्व्ह, प्रत्येक नळाखालच्या जोडण्या, टॉयलेटची मागची जोडणी, शॉवरच्या नळामागची जागा, बाहेरचा शॉवर आणि सगळ्यात खाली असलेले निचऱ्याचे दोन नळ. गाडी चालताना जिथे सर्वात जास्त धक्के बसतात आणि थंडीत जिथे सर्वात आधी गोठतं, त्या याच जागा.

माझा अनुभव असा, की डोळ्यांपेक्षा टॉयलेट पेपर जास्त खरं बोलतो. टॉर्च धरा, कोरड्या कागदाची घडी सांध्याभोवती फिरवा, विशेषतः खालच्या बाजूने. थेंब पाइपच्या पोटाला लोंबकळत पुढे सरकतो आणि पुढच्या क्लिपला अडून तिथून पडतो. त्यामुळे थेंब जिथून पडतो तिथून मागे, चढाच्या दिशेने कागद नेत जा. कागद कोरडा निघाला की त्याच्या अलीकडचा सांधा पकडा. जुनी, संथ गळती पाण्यावाचूनही खूण सोडते: सांध्याभोवती पांढरट क्षारांचा खरबरीत थर, तांब्याच्या रिंगवर हिरवट डाग, खालच्या लाकडावर काळसर कड असलेलं वर्तुळ.

ट्रेलरखालचं प्लास्टिकचं आवरण कुठे पखालीसारखं फुगलेलं दिसलं तर त्याच्या बरोबर खाली आडवे होऊ नका. आत कित्येक लीटर पाणी साठलेलं असू शकतं. बाजूने उभं राहून छोटं भोक पाडा आणि पाणी वाहू द्या. नुसत्या जॅकवर तोललेल्या ट्रेलरखाली तर कधीच शिरू नका.

सांध्यांची दुरुस्ती

प्रत्येक वेळी आधी पंप बंद, बाहेरची होज बंद, मग एक नळ उघडून दाब सोडा, मग खालचे निचऱ्याचे नळ उघडा. हा क्रम चुकला तर पहिला पाना फिरवताच चिळकांडी तोंडावर.

नळाखाली आणि टॉयलेटमागे बहुधा प्लास्टिकचे फिरते नट असतात, आत शंकूच्या आकाराचा रबरी वॉशर. गळतीचं सगळ्यात सामान्य ठिकाण हेच आणि दुरुस्तीही सगळ्यात सोपी. प्रवासाच्या हादऱ्यांनी नट सैल होतो. हाताने घट्ट करा, मग फार तर पाव फेरा. पक्कड लावून जोर काढलात तर नटाला केसासारखी चीर जाते, ती आज दिसत नाही, पुढच्या सहलीत दिसते. घट्ट करूनही पाझरत असेल तर उघडून वॉशर बदला. या जोडणीवर टेफ्लॉन टेप लावू नका, पाणी अडवण्याचं काम वॉशर करतो आणि टेपमुळे तो नीट बसत नाही. टेप लागते ती निमुळत्या आट्यांच्या जोडणीला, आट्यांच्या दिशेने तीन-चार वेढे.

आता पेक्स, म्हणजे लवचीक प्लास्टिकचा पाइप. गेल्या दोन-तीन दशकांतल्या बहुतेक अमेरिकी धाटणीच्या ट्रेलरांत अर्ध्या इंचाचा पेक्स असतो, गरमला लाल आणि थंडला निळा, कधी दोन्हींना पांढरा. त्याचा बाहेरचा व्यास ५/८ इंच, म्हणजे १५.९ मिलिमीटर. युरोपीय कॅरॅव्हॅनमध्ये बहुधा १२ मिलिमीटरचा पाइप आणि ढकलून बसवायचे जोड असतात. १५ मिलिमीटरचा जोड पेक्सवर बसेल असं वाटतं, पण तो बसत नाही. विकत घेण्याआधी पाइपवर छापलेली अक्षरं वाचा आणि कॅलिपरने मोजा.

गळका क्रिंप (पाइपवर धातूची रिंग दाबून केलेला सांधा) परत दाबून बरा करायचा प्रयत्न करू नका. तो तुकडा कापून काढा. पाइप कापायला पाइपचीच कात्री वापरा, करवतीने कड खरबरीत होते. काप अगदी काटकोनात हवा. नवी रिंग पाइपवर आधी सरकवा, मग जोड पूर्ण आत, खांद्यापर्यंत बसवा, मग रिंग पाइपच्या टोकापासून ३ ते ६ मिलिमीटरवर आणून अवजार सरळ धरून एकदाच दाबा. तांब्याच्या रिंगला मोजमापाची पट्टी मिळते, ती प्रत्येक क्रिंपवर लावून बघा. कारखान्यातले कित्येक सांधे रिंग तिरकी बसल्यामुळेच गळतात.

अडचण जागेची असते. क्रिंपच्या लांब दांड्यांच्या अवजाराला सिंकखालच्या कपाटात उघडायलाच जागा नसते. तिथे स्टेनलेस स्टीलच्या चिमटीच्या रिंगा बऱ्या, त्यांचं अवजार एका बाजूने लागतं. किंवा मग ढकलून बसवायचे जोड. काही जण त्यांना हलकं समजतात. माझ्या मते कोपऱ्यात, एका हाताने, टॉर्च दातात धरून काम करायचं असेल तर त्यांना तोड नाही, फक्त तीन गोष्टी सांभाळा. काप काटकोनात आणि कड गुळगुळीत, नाहीतर आतली ओ-रिंग चिरते. जोडावर सांगितलेली खोली पाइपवर मार्करने आधी आखून घ्या, अर्ध्या इंचाला ती साधारण २५ मिलिमीटर असते, आणि पाइप त्या खुणेपर्यंत गेलाच पाहिजे. तिसरं म्हणजे मऊ पाइपच्या तोंडात आधाराची नळी हवी. काही जोडांत ती आधीच असते, काहींत वेगळी घालावी लागते. शेवटी पाइप मागे ओढून बघा.

ट्रेलर १९८० च्या दशकातला किंवा ९० च्या दशकाच्या सुरुवातीचा असेल आणि पाइप राखाडी रंगाचे असतील, तर ते पॉलिब्युटिलीन (पेक्सच्या आधीचं प्लास्टिक) असण्याची शक्यता दाट. त्याचा बाहेरचा व्यास पेक्सइतकाच, पण आतला वेगळा, त्यामुळे पेक्सचे आत घालायचे जोड त्यात नीट बसत नाहीत. पॉलिब्युटिलीनवरून पेक्सवर जायचे खास जोड मिळतात. एक सांधा गेला तर तेवढाच बदला. दुसरा गेला की सगळी ओळ पेक्सने बदलायचा विचार करा, कारण त्या पाइपांचे जुने प्लास्टिकचे जोड एकामागून एक तडकतात.

स्वतःला चिकटणारी सिलिकॉनची टेप आणि इपॉक्सीची पुटी? मुक्काम गाठेपर्यंत ठीक. दाबाखालच्या सांध्यावर कायमचा इलाज म्हणून नाही.

पंप, हीटर, टॉयलेट, टाकी

पंपाच्या जाळीची पारदर्शक वाटी थंडीत तडकते. ती पंपाच्या पाणी ओढणाऱ्या बाजूला असल्याने तिथून पाणी गळण्याऐवजी हवा आत जाते आणि नळ थुंकत थुंकत येतो. वाटी बदला. पंपाच्या डोक्याच्या सांध्यातून पाणी येत असेल तर स्क्रू समोरासमोरच्या जोडीने थोडे थोडे आवळून बघा, नाही थांबलं तर डोकं किंवा पूर्ण पंप बदलणं सोयीचं.

हीटरच्या बाहेरच्या झाकणात पितळेचा सुरक्षा व्हॉल्व्ह असतो, त्यावर बहुधा १५० पीएसआय आणि २१० अंश फॅरनहाइट असं कोरलेलं असतं. पाणी तापताना तो थोडा ठिबकला तर लगेच नवा आणायला धावू नका. हीटरच्या टाकीच्या माथ्यावर हवेचा जो कप्पा हवा तो पाण्याने भरून गेला की तापून फुगणाऱ्या पाण्याला जागा उरत नाही. हीटर बंद करून पाणी पूर्ण थंड होऊ द्या, पंप आणि बाहेरचं पाणी बंद करा, गरम पाण्याचा एक नळ उघडा, मग सुरक्षा व्हॉल्व्हची दांडी उचला. पाणी यायचं थांबलं की दांडी झटक्यात सोडा. हवेचा कप्पा परत तयार झाला. त्यानंतरही ठिबकतच राहिला तर व्हॉल्व्ह बदला. त्याचं तोंड बूच लावून बंद करू नका. बंद टाकीत पाणी तापत राहिलं तर ती फुटते.

टॉयलेटपाशी पाणी कधी दिसतं ते बघा. फ्लश करताना मागून येत असेल तर व्हॅक्यूम ब्रेकर, म्हणजे पाणी उलटं ओढलं जाऊ नये म्हणून असलेला भाग. सतत मागून पाझरत असेल तर पाण्याचा व्हॉल्व्ह, जो गोठून हमखास फुटतो. बुडाभोवती येत असेल तर फरशीचं सील. तिथे मेणाची रिंग बसवू नका, रस्त्याच्या हादऱ्यांना ती टिकत नाही. रबरी सीलच लागतं. बोल्ट आवळताना दोन्ही बाजू आलटून पालटून, चिनी मातीचं भांडं असेल तर आणखी जपून.

सांडपाण्याकडे सिंकला बूच लावून भरा आणि एकदम सोडा. बारीक धारेने न दिसणारी गळती लोंढ्याने दिसते. ट्रॅपचे (सिंकखालच्या वाकड्या नळीचे) मोठे नट हाताने आवळून बघा, हे प्रवासात सैल होतातच. शॉवरच्या तळाला बूच लावून दोन सेंटिमीटर पाणी उभं करा, अर्ध्या तासात ते उतरलं तर जाळीखालचं गॅस्केट किंवा तळच तडकलेला. पाणी उतरलं नाही आणि तरी आंघोळीनंतर ओल येते, मग कोपऱ्यांचं सिलिकॉन आणि नळामागची भिंत. शॉवरच्या तळातून घाण पाणी वर येत असेल तर मात्र ती गळती नव्हे, सांडपाण्याची टाकी भरलीय.

गोड्या पाण्याच्या टाकीची चीर शोधायची युक्ती तिच्याच पातळीत आहे. भरलेली टाकी गळता गळता एका पातळीवर थांबली तर चीर त्याच उंचीवर. टाकी पॉलिएथिलीनची असते, तिला गोंद आणि इपॉक्सी धरत नाहीत, पुढच्या खड्ड्यात सोलून निघतात. प्लास्टिक वेल्डिंग करून घ्या किंवा टाकी बदला. गळती टाकीच्या तोंडाच्या जोडणीत असेल तर काम स्वस्तात निभावतं, नवं रबरी गॅस्केट पुरतं. मात्र टाकीचे पट्टे ढिले पडलेत का तेही बघा. १५० लीटर पाणी म्हणजे १५० किलो वजन, आणि ते प्रत्येक खड्ड्यात त्या एका जोडणीला हिसका देतं.

तो सांधा परत का गळतो

इथेच बरेच जण चुकतात. सांधा नवा बसवतात, पण त्याला ओढणारा पाइप तसाच ताणलेला ठेवतात. पाइप ढकलून सांध्यात बसवताना तो कुठे वाकून जोर लावतोय का ते बघा. थोडा सैल ठेवा, सांध्यापासून वीतभर अंतरावर क्लिप मारा, म्हणजे हादरे क्लिप झेलेल. लाकडातून किंवा पत्र्यातून जिथे पाइप जातो तिथे भोकाला रबरी कडी किंवा फोम घाला. पंप थेट फरशीला घट्ट बसवला असेल तर खाली रबरी पाय आणि दोन्ही बाजूंना लवचीक नळ्या द्या, आवाजही कमी होईल.

दुसरं कारण दाब. काही कॅम्पग्राउंडच्या नळांना ८० ते १०० पीएसआयपर्यंत दाब असतो. नळाशी, होजच्या आधी, रेग्युलेटर लावा आणि तो ४५ ते ५० वर ठेवा. रात्री झोपताना आणि बाहेर जाताना बाहेरचा नळ बंद करायची सवय लावा, कारण टाकीतून गळेल ते टाकीएवढं, नळाला मात्र अंत नाही.

तिसरं कारण थंडी. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि सांधे तोडतं. हिवाळ्याआधी हीटर बायपास करून सगळ्या पाइपांत प्रोपिलीन ग्लायकॉलचं गुलाबी अँटिफ्रीझ भरा. गाडीच्या रेडिएटरचं इथिलीन ग्लायकॉल विषारी असतं, ते पिण्याच्या पाइपांत जाता कामा नये. बाहेरचा शॉवर आणि टॉयलेटचा व्हॉल्व्ह विसरू नका.

वाळवणं आणि शेवटची तपासणी

गळती थांबली तरी ओल थांबलेली नसते. भिजलेलं इन्सुलेशन काढून टाका, ते वाळत नाही. फळ्या उघड्या ठेवून पंखा आणि डीह्युमिडिफायर लावा. एक-दोन दिवसांत बुरशी धरू लागते, म्हणून हे लांबणीवर टाकू नका. ओल मोजायचं यंत्र असेल तर प्लायवूड १५ टक्क्यांच्या खाली उतरेपर्यंत थांबा. दाबून बघितल्यावर फरशी स्पंजासारखी दबत असेल तर तेवढा प्लाय कापून बदलावा लागेल.

फळ्या लगेच बंद करू नका. दाब भरून रात्रभर ठेवा, सकाळी कागद फिरवा. मग ट्रेलर थोडा वेळ खडबडीत रस्त्यावर फिरवून आणा आणि परत कागद फिरवा, उभ्या ट्रेलरमध्ये धरलेला सांधा चालताना सुटू शकतो. दोन्ही वेळा कोरडं निघालं की फळ्या बसवा.

पाइप उघडले होते, तेव्हा पिण्याआधी टाकी निर्जंतुक करा. हीटर बायपास करा. टाकीच्या दर ६० लीटरला ६० मिलिलीटर साधं, बिनवासाचं घरगुती ब्लीच आधी बादलीभर पाण्यात मिसळून टाकीत घाला, टाकी भरा, प्रत्येक नळातून, गरम आणि थंड दोन्हीकडून, क्लोरीनचा वास येईपर्यंत पाणी सोडा. रात्रभर ठेवा. मग सगळं रिकामं करून स्वच्छ पाण्याने वास जाईपर्यंत टाकी आणि नळ धुवा, आणि बायपास परत मूळ जागी फिरवून हीटर भरल्याची खात्री होईपर्यंत त्याचा स्विच लावू नका.